सर्व्हर विकणाऱ्याला आता क्लाउड विकायचाय: कस्टमर 'एक फिक्स आकडा सांगा' म्हणतो, कोटेशन कसं द्यायचं?

चाकण_फेज२

नमस्कार मंडळी. सर्व्हर-स्टोरेजच्या विक्रीतून क्लाउड पार्टनर कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंटला आलोय. एरिया चाकण, भोसरी, रांजणगाव. मुख्यतः एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड), थोडं अझुर (मायक्रोसॉफ्टचा).

हातातली केस सांगतो म्हणजे उत्तरं हवेत राहणार नाहीत. वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, कॉम्प्युटरवर बसणारे ६० जण. सर्व्हर पाच वर्षं जुना, ३२ कोअर, १२८ जीबी रॅम. त्यावर ईआरपी (खरेदी-स्टॉक-उत्पादनाचं सॉफ्टवेअर), डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हर २०१६, टॅलीवर १५ जण, आणि २ टीबी फाइल्स, म्हणजे ड्रॉइंग आणि स्कॅन केलेली चलनं. वॉरंटी संपतेय. मालकांचं एकच म्हणणं, 'महिन्याला किती, एक आकडा सांगा.'

एडब्ल्यूएसच्या दरांच्या कॅल्क्युलेटरवर आहे त्याच मापाचं मशीन टाकलं तर आकडा एवढा येतो की तो घेऊन त्यांच्यासमोर जायची हिंमत होत नाही. प्रश्न असे:

१) कोटेशन कशावर बेतायचं, आणि बिल दरमहा बदलणार असेल तर एक आकडा द्यायचा कसा?
२) पैशांच्या बाबतीत काय सांभाळायचं? डॉलर, जीएसटी, उधारी वगैरे.
३) नवीन कस्टमर शोधायला कुठून सुरुवात करावी? सहकारी बँकांच्या मागे लागावं का?

---

प्रीसेल्स_बाणेर

कॅल्क्युलेटर बरोबर आहे, माप चुकलंय. सर्व्हर घेताना आपण शाळेचा युनिफॉर्म शिवतात तसा वाढत्या अंगाचा घेतो. पाच वर्षांनी लागेल तेवढं आज. क्लाउडवर ते माप जसंच्या तसं नेलं की कस्टमर न वापरलेल्या कोअरचे दर तासाला पैसे भरतो.

आधी मोजणी. विंडोजमधला परफॉर्मन्स मॉनिटर फुकट आहे, तोच लावा. दर मिनिटाला नोंद, आणि किमान एक पूर्ण महिना. दोन आठवड्यांत भागतं असं सांगणारे भेटतील, पण कारखान्यात महिनाअखेरचा स्टॉक, पगार, ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी हे सगळं मोजणीत आलं पाहिजे. खरा ताण त्याच चार-पाच दिवसांत पडतो. सरासरी बघू नका आणि एखाद्या क्षणाचा उच्चांकही बघू नका. ९५ टक्के वेळ वापर ज्याच्या खाली राहतो तो आकडा घ्या आणि त्यावर २०-२५ टक्के मोकळीक ठेवा. अशा ३२ कोअरच्या मशीनवर हा आकडा बहुतेक वेळा ४ ते ८ कोअरमध्ये बसतो.

डेटाबेससाठी ४ कोअर ३२ जीबीचं मशीन पुरतं का, हे सगळ्यात आधी तपासा. कारण किंमत मशीनपेक्षा एसक्यूएलच्या लायसन्सनं चढते. लायसन्स कोअरप्रमाणे असतं आणि एका मशीनला किमान ४ कोअरचं घ्यावंच लागतं. म्हणजे २ कोअरचं मशीन घेऊन लायसन्समध्ये काही वाचत नाही आणि ८ चं घेतलं तर लायसन्स दुप्पट. म्हणून ४ कोअर आणि रॅम जास्त, अशी मेमरीकडे झुकलेली मशीनं निवडायची.

आता कस्टमर म्हणेल, 'लायसन्स आमच्याकडे आहे की!' त्याच्याकडचं कागदपत्र मागा. सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (लायसन्सवरचा मायक्रोसॉफ्टचा वेगळा करार) चालू असेल तरच ते एसक्यूएल लायसन्स क्लाउडवर नेता येतं. बहुतेक छोट्या कारखान्यांत एकदाच घेतलेलं असतं आणि अ‍ॅश्युरन्स कधीच संपलेला असतो. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स तर त्या डब्याबरोबरच संपतं. हे पहिल्या भेटीत विचारलं नाही तर शेवटच्या भेटीत कोटेशन एकदम चढतं, आणि तेव्हा तुम्ही खोटे पडता.

टॅलीत लोक हमखास फसतात. विंडोज सर्व्हरवर रिमोटनं एका वेळी दोनच अ‍ॅडमिन बसू शकतात. १५ जण बसवायचे तर रिमोट डेस्कटॉपची वेगळी लायसन्स माणशी लागतात. ती कोटेशनमधून राहिली तरी पहिले १२० दिवस काहीच बिघडत नाही, कारण तेवढी सवलतीची मुदत असते. १२१ व्या दिवशी सकाळी अकाउंट्समधल्या कुणालाच लॉगइन होत नाही. तोवर इंजिनिअर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो आणि फोन येतो विकणाऱ्याला. शिवाय टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर सरेंडर करून नव्यावर चालू करावं लागतं. ते काम सुट्टीच्या दिवशी ठेवा.

२ टीबी फाइल्स. सरसकट सर्व्हरच्या डिस्कवर टाकू नका. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरमध्ये) सर्व्हरला जोडलेल्या जीपी३ डिस्कचा दर जीबीला महिन्याला ०.०९१२ डॉलर, एस३ या वेगळ्या फाइल-साठवणीचा ०.०२५. म्हणजे २ टीबीला एकीकडे साधारण १८७ डॉलर, दुसरीकडे ५१. जुनी चलनं खुशाल एस३ मध्ये जाऊ द्या. चालू ड्रॉइंग मात्र कारखान्यातल्या नॅसवरच (नेटवर्कवरच्या डिस्क-पेटीवरच) राहू द्या आणि रात्री त्याची प्रत वर पाठवा. २०० एमबीची असेंब्ली इंटरनेटवरून उघडताना डिझाइनवाला जे बोलेल ते ऐकायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

आणि कुणी जुन्या टेम्प्लेटमधून जीपी२ (आधीच्या पिढीची डिस्क) टाकत असेल तर थांबवा. जीपी३ वीस टक्क्यांनी स्वस्त आहे आणि ३००० आयओपीएस (सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या फेऱ्या) त्यात धरलेलेच असतात.

---

डीबीए_काका

वरच्या उत्तराला एक पुरवणी. एसक्यूएलची रॅम टास्क मॅनेजरवरून मोजू नका. वरची मर्यादा घालून दिली नसेल तर एसक्यूएल मिळेल तेवढी रॅम पोटात घेऊन बसतो आणि परत देत नाही. १२८ पैकी १२० जीबी वापरात दिसली म्हणजे १२० लागते असं नाही. 'पेज लाइफ एक्स्पेक्टन्सी' (डेटा रॅममध्ये किती सेकंद टिकतो) हा काउंटर पाहा आणि डेटाबेसची खरी साइज विचारा. डेटाबेस ४० जीबीचा असेल तर ३२ जीबीचं मशीन बहुतेक वेळा आरामात चालतं. खात्री करायची तर जुन्याच सर्व्हरवर मर्यादा २६ जीबी घालून एक आठवडा बघा. कुणी कुरकुरलं नाही तर माप बरोबर. मात्र महिनाअखेरीला हा प्रयोग करू नका.

---

पैसावसूल

दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो.

'एक आकडा' देऊ नका, पण 'वापरावर अवलंबून आहे' असंही म्हणू नका. हे उत्तर ऐकलं की मालक लोक लॅपटॉप मिटतात. कोटेशनमध्ये तीन ओळी करा. पहिली ठरलेली: मशीन, लायसन्स, डिस्क. महिना ७३० तासांचा धरा, कॅल्क्युलेटरही तोच धरतो. दुसरी हलणारी: बॅकअपच्या प्रती, बाहेर जाणारा डेटा, लॉग. इथे कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे. तिसरी एकदाच लागणारी: डेटा हलवणं, ईआरपीवाल्याचे दिवस, व्हीपीएन लावणं. मग मालकाला एकच वरची मर्यादा सांगा. तिला आमच्याकडे 'छत' म्हणतात. त्याखालचं वाक्य शब्दशः असं ठेवता येईल:

'वरील रक्कम मोजणीवर आधारित अंदाज आहे. मासिक बिल छताच्या ८० टक्क्यांवर पोहोचताच आपल्या लेखा विभागास ईमेल व फोनने कळवू. नवीन मशीन किंवा डिस्क आपल्या लेखी मंजुरीशिवाय सुरू करणार नाही.'

दुसरं वाक्य लिहिलंत तर पाळायची सोयही करा. बजेट अलर्ट ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर लावा. पण अलर्ट म्हणजे घंटा आहे, ब्रेक नाही. तो काही बंद करत नाही, आणि आकडे काही तास मागे असतात. टेस्ट सर्व्हर शुक्रवारी चालू राहिला तर सोमवारी कळेल असं धरून चला.

हलणाऱ्या ओळीत राहून जाणाऱ्या गोष्टी: नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटवर जायचा रस्ता), मुंबईत तासाला ०.०५६ डॉलर, म्हणजे डेटा न जाताही महिन्याला ४१ डॉलरच्या आसपास. पब्लिक आयपीला १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर, प्रत्येकी ३.६५ डॉलर महिना. बाहेर जाणारा डेटा पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीला ०.१०९३. ५०० जीबी गेला तर साधारण ४४ डॉलर. एकेक रक्कम चिल्लर आहे, पण कोटेशनमध्ये नसलेली चिल्लर बिलात दिसली की कस्टमर सगळं बिलच उकरतो.

टेस्ट सर्व्हर सोमवार ते शनिवार १२ तास चालू ठेवला तर आठवड्याच्या १६८ पैकी ७२ तास होतात. मशीनचं भाडं ५७ टक्के वाचतं. डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं. हे आधी सांगा, नाहीतर 'बंद असताना बिल कसलं?' हा फोन ठरलेला.

आता तुमच्या कंपनीचं गणित. धरून चला, महिन्याचं बिल २ लाख आणि तुमचं मार्जिन ५ टक्के, म्हणजे १०,००० रुपये. कस्टमरनं २ टक्के टीडीएस कापला की ४,००० अडकले. ते परत मिळतात, पण रिटर्ननंतर. जीएसटी धरून बिल २.३६ लाख. कस्टमर ७५ दिवसांनी देतो, पण तुम्हाला पुढे क्लाउड कंपनीला ३० दिवसांत भरायचंय. मधल्या ४५ दिवसांची साधारण साडेतीन लाखांची रक्कम तुमच्या खिशातून. बँकेचा दर १२ टक्के धरला तर महिन्याला ३,५०० रुपये व्याज. दहा हजारांत काय उरलं ते बघा. म्हणून:

— उधारी ३० दिवसांच्या पुढे नको, किंवा एक महिन्याचं बिल ठेव म्हणून घ्या.
— आपल्या सीएला कमी दराच्या टीडीएसचा दाखला काढायला सांगा. एवढ्या बारीक मार्जिनच्या धंद्यात तो लागतोच.
— नुसती रिसेल विकू नका. देखभालीचा महिन्याचा करार सोबत ठेवा. घर त्यावर चालतं.

डॉलर: दर डॉलरमध्ये ठरतात, बिल रुपयांत निघतं. वर्षाचा फिक्स रुपया लिहून दिलात तर रुपया घसरेल तितकं मार्जिन तुमचं जाईल. 'बिलाच्या तारखेचा विनिमय दर' हे शब्द पीओवर (परचेस ऑर्डरवर) आलेच पाहिजेत, नुसते कोटेशनवर नाहीत. परचेसवाला कोटेशन फाइलला लावतो, भांडताना पीओ काढतो.

जीएसटी १८ टक्के. कारखान्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून तुलना जीएसटी वगळून करा. हॉस्पिटलसारख्या करमुक्त सेवा देणाऱ्यांना ते मिळत नाही, त्यांच्यासाठी १८ टक्के हा खराच खर्च आहे. तिथे जीएसटीसकट बोला.

---

चाकण_फेज२

भरपूर मिळालं. छताची कल्पना उद्याच वापरतो. दोन उपप्रश्न. सेव्हिंग्ज प्लॅन (ठरावीक वापराची आधीच हमी दिली की मिळणारी सूट) घालून आकडा खाली दाखवू का? ७२ टक्क्यांपर्यंत सूट असं लिहिलेलं असतं. आणि मालकांचा मुलगा हिशेब मांडून बसलाय: 'नवा सर्व्हर १२ लाखांत येतो, तुमचे महिन्याला सव्वा लाख म्हटले तरी पाच वर्षांत ७५ लाख.' याला काय उत्तर द्यायचं?

---

प्रीसेल्स_बाणेर

७२ टक्के हा कमाल आकडा आहे. तीन वर्षं, ठरावीक मशीन फॅमिली आणि बरंच काही जुळून आलं तर. कोटेशनमध्ये एक वर्षाचा, आगाऊ रक्कम न भरण्याचा दर वेगळ्या रकान्यात दाखवा, पण पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. पहिले ६० ते ९० दिवस साध्या दरानं चालवा. या काळात माप हमखास बदलतं. मग रात्रंदिवस जेवढा वापर खाली जातच नाही, तेवढ्याच रकमेचा प्लॅन घ्या. प्लॅन तासाला इतके डॉलर अशा बोलीचा असतो. वापर नाही झाला तरी ते पैसे जातात. परत करायची खिडकी फक्त सात दिवसांची, त्याच कॅलेंडर महिन्यात, आणि छोट्या प्लॅनलाच.

एक गोष्ट लेखी घ्या. प्लॅन कस्टमरच्या खात्यात घेतलाय की तुमच्या पेयर (सगळ्यांचं बिल भरणाऱ्या) खात्यात? पेयर खात्यात असेल तर कस्टमर उद्या दुसऱ्या पार्टनरकडे गेला तर प्लॅन तुमच्याकडेच राहतो. मग दोघंही तोट्यात.

क्लाउड खात्याचा रूट (मुख्य मालकाचा) ईमेल कस्टमरच्याच डोमेनचा हवा, दुसऱ्या टप्प्याच्या पासवर्डचं डिव्हाइस त्याच्याच तिजोरीत. पार्टनरच्या माणसाच्या ईमेलवर खातं काढलेलं असतं, तो नोकरी सोडतो आणि सगळे हवालदिल. हा घोळ फार ठिकाणी असतो. उलट तुम्ही हे स्वतःहून पहिल्या भेटीत सांगितलंत तर विश्वास बसतो.

---

रोखठोक_भोसरी

मुलाच्या हिशेबाला उत्तर: तो बऱ्याच अंशी बरोबर आहे, हे आधी मान्य करा.

चोवीस तास सारखा चालणारा, न वाढणारा लोड आणि सांभाळायला माणूस हाताशी, अशा ठिकाणी नुसत्या मशीनच्या तुलनेत क्लाउड महागच पडतो. तिथे वाद घालणारा सेल्समन दहा मिनिटांत बाहेर येतो. पण १२ लाख ही फक्त डब्याची किंमत आहे, तेवढं त्याच्यासमोर कागदावर मांडा: नव्या विंडोज आणि एसक्यूएलची लायसन्स, दुसरी डिस्क-पेटी बॅकअपला, यूपीएसच्या बॅटऱ्या दर तीन वर्षांनी, सर्व्हर रूमचा एसी, एएमसी, लाइट गेल्यावर जनरेटरचं डिझेल. हे आकडे तुम्ही सांगू नका. त्यांच्याच अकाउंट्समधून पाच वर्षांची लेजर काढायला सांगा. स्वतःचा आकडा माणूस नाकारत नाही.

तरीही सर्व्हरच स्वस्त निघाला तर? मग सर्व्हर घेऊ द्या आणि तुम्ही बॅकअपची बाहेरची प्रत विका. बदलता न येणारी, ठरावीक दिवस कुणालाच पुसता न येणारी प्रत. रॅन्समवेअरचा बहुतेक हल्ला आधी बॅकअप शोधून पुसतो. महिन्याला पाच-दहा हजारांचं काम, पण पाय आत आला. पुढचं मशीन तुमच्याकडूनच.

'एकदा गेलो की अडकलो' ही शंकाही येईल. २०२४ च्या जानेवारीत गुगलनं आणि मार्चमध्ये एडब्ल्यूएस व मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की कायमचं सोडून जाणाऱ्याला डेटा बाहेर नेण्याचे पैसे पडणार नाहीत. आधी अर्ज-मंजुरी लागते. हे सांगा. पण खरी अडकण डेटाची नसते, सवयीची असते. क्लाउडच्याच खास सेवांवर ईआरपी लिहून घेतलं तर निघणं अवघड, साध्या मशीनवर साधा एसक्यूएल असेल तर सोपं. तुमच्या केसमध्ये दुसरा प्रकार आहे, तेव्हा निर्धास्त बोला.

तिसरा प्रश्न, नवीन कस्टमर. यादी घेऊन फोन फिरवण्यात दम नाही. कारण शोधा, म्हणजे ज्याला यंदा काहीतरी करावंच लागणार आहे तो:

एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या सपोर्टची शेवटची तारीख १४ जुलै २०२६. विंडोज सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७. विंडोज सर्व्हर २०१२ ची ऑक्टोबर २०२३ मध्येच होऊन गेली, त्यावरचे पैसे भरून मिळणारे अपडेटही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तुमच्या जुन्या कंपनीच्या कस्टमरांना कुठल्या साली काय गेलं ते तुमच्या डोक्यात असेलच. तीच खाण आहे. (जुन्या कंपनीची यादी मात्र उचलून आणू नका, करारात अडकाल.)

व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनी घेतली आणि कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवलं. रिन्युअलचं कोटेशन हातात पडलेला आयटी मॅनेजर स्वतः फोन करतो.

चाकणच्या पट्ट्यात जर्मन गाड्यांच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांकडे टायसॅक्सची (गाड्यांच्या उद्योगातली माहिती-सुरक्षेची तपासणी) मागणी येते. तेव्हा बॅकअप, लॉग, कोण कुठे लॉगइन झालं याच्या नोंदी असे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. पण 'क्लाउडवर या, सर्टिफिकेट मिळेल' असं कधी म्हणू नका. सर्टिफिकेट कारखान्याच्या पद्धतीला मिळतं, आपण फक्त काही रकाने भरून देतो.

भेटायचं कुणाला? आयटी मॅनेजरला टाळून वर गेलात तर तो शांतपणे प्रोजेक्ट मारेल. त्याला वाटतं त्याची नोकरी जाणार. आणि सगळ्यात विसरला जाणारा माणूस म्हणजे ईआरपीवाला. 'क्लाउडवर आमची जबाबदारी नाही' एवढं एक वाक्य तो मालकाला बोलला की संपलं. दुसऱ्या भेटीआधी त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: क्लाउडवर सपोर्ट देणार का, लायसन्स मॅक अ‍ॅड्रेसला बांधलंय का, हलवण्याचे किती दिवस लावणार.

डील नोंदवायला विसरू नका. एडब्ल्यूएसच्या पार्टनर पोर्टलवर कस्टमरचं नाव, वेबसाइट, अडचण काय, महिन्याचा अंदाज आणि तारीख भरायची. 'अडचण' या रकान्यात 'क्लाउड मायग्रेशन' एवढंच लिहिलं की परत येतं. मोजणी झाली त्याच आठवड्यात भरा. दुसऱ्या पार्टनरनं आधी भरलं तर पाठबळ तिकडे. अझुरमध्ये सीएसपीनं (मायक्रोसॉफ्टच्या पार्टनर-विक्री योजनेतून) विकत असाल तर पार्टनरला मिळणारं क्रेडिट तुमचा अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस चालू असेपर्यंतच मिळतं. कस्टमरच्या ऑडिटरनं 'बाहेरच्यांचा अ‍ॅक्सेस काढा' म्हटलं आणि कुणी गुपचूप काढला, तर क्रेडिट थांबतं. दर महिन्याला तपासा.

आणि तुमचा इन्सेंटिव्ह. ऑफर लेटर पुन्हा वाचा. टार्गेट सही झालेल्या रकमेवर आहे की प्रत्यक्ष वापरावर? फुकट क्रेडिटमधून झालेला वापर धरतात की नाही? हे न विचारता लोक मोठमोठ्या पीओ आणतात आणि पहिले चार महिने कस्टमर क्रेडिटवर चालतो, तोवर इन्सेंटिव्ह शून्य.

---

गोदाकाठ

सहकारी बँकांबद्दल थोडक्यात. नवीन आलेल्या माणसानं पहिल्या वर्षी त्यांच्यावर विसंबू नये. पतसंस्था वेगळ्या, त्या राज्याच्या सहकार खात्याखाली येतात. नागरी बँकांवर रिझर्व्ह बँकेची नजर असते. आयटी सेवा बाहेरून घेण्याचे तिचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत. ते १,००० कोटींच्या वर ठेवी असलेल्या, म्हणजे टियर ३ आणि ४ च्या बँकांना लागतात. करारात रिझर्व्ह बँकेला तपासणीचा हक्क, बाहेर पडण्याची योजना, पुढच्या उपकंत्राटदाराची नावं हे सगळं लागतं. लहान बँकांना ते थेट लागत नसलं तरी त्यांचा ऑडिटर तीच यादी पुढे ठेवतो.

सर्टइन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश तर सगळ्यांनाच आहेत: लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे, घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. तुमच्या कारखान्यालाही. कोटेशनमध्ये लॉगच्या साठवणीची ओळ असू द्या.

बँकेत निर्णय बोर्डाच्या सभेत होतो. सभा पुढे गेली की डील पुढे. सीबीएसला (बँकेच्या मुख्य व्यवहार-प्रणालीला) हात घालू नका. ते बहुतेकांचं आधीच कुठल्या तरी व्हेंडरच्या डेटा सेंटरमध्ये असतं आणि आमच्या नाशिकच्या ईएसडीएससारख्या कंपन्या या कामात मुरलेल्या आहेत. जायचंच तर ईमेल, बॅकअपची प्रत, वेबसाइट अशा कडेच्या कामानं जा.

---

चाकण_फेज२

ईआरपीवाल्याशी आज बोललो. सपोर्ट देतो म्हणाला, पण दोन गोष्टी पुढे आल्या ज्या माझ्या ध्यानीमनी नव्हत्या. गेटवरचा वजनकाटा थेट ईआरपीत वजन टाकतो, आणि ईआरपीच्या एका मॉड्यूलला यूएसबी डोंगल (लायसन्सची चावी) आहे. शिवाय अकाउंट्सवाले डीएससी टोकननं (डिजिटल सहीच्या यूएसबीनं) सही करतात. हे क्लाउडवर चालेल का?

---

प्रीसेल्स_बाणेर

वजनकाट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ च्या वायरनं गेटवरच्या पीसीच्या कॉम पोर्टला लागलेला असतो. पीसीवर ईआरपीचा क्लायंट थेट बसवलेला असेल तर अडचण नाही, पोर्ट तिथेच वाचला जातो. पण सगळे रिमोट डेस्कटॉपवर गेले तर कॉम पोर्ट सेशनमध्ये न्यावा लागतो, आणि लाइन जरा अडखळली की वजन शून्य दिसतं किंवा आधीच्या ट्रकचं येतं. म्हणून गेटवर छोटा प्रोग्राम ठेवा. तो वजन स्थानिक फाइलमध्ये वेळेसह लिहील आणि लाइन आली की ईआरपीत टाकील. ईआरपीवाल्याकडे तो बहुधा तयार असतो, चार दिवसांचं काम म्हणून कोटेशनच्या तिसऱ्या ओळीत घाला. गेटला दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन हव्यात, एक तरी खांबावरून न येणारी. ट्रकची रांग रस्त्यावर गेली तर पहिला फोन प्लांट हेडचा येतो.

डोंगल क्लाउडवरच्या मशीनला लावता येत नाही. सॉफ्टवेअर लायसन्समध्ये बदलून मिळतं का ते विचारा. नेटवर्कवरून यूएसबी दाखवणारी उपकरणं मिळतात, पण लाइन तुटली की मॉड्यूल बंद. त्यावर उत्पादन चालवू नका. बदलून मिळत नसेल तर ते एक मॉड्यूल कारखान्यातल्या छोट्या पीसीवरच राहू द्या.

डीएससी टोकन रिमोट सेशनमध्ये कधी दिसतं, कधी नाही. ड्रायव्हर आणि सही करणारी युटिलिटी दोन्ही स्थानिक पीसीवरच लागतात. साधा मार्ग: फाइल क्लाउडवर तयार करायची, सही स्वतःच्या पीसीवरच्या ब्राउझरमधून. अकाउंट्सच्या दोन जणांना बसवून एकदा २० तारखेच्या आधी करून बघा. त्या दिवशी प्रयोग नको.

या तिन्ही गोष्टी कोटेशनच्या पहिल्याच पानावर 'कारखान्यातच राहणार' अशा मथळ्याखाली लिहा. आणि मोजणी लावायला जाल तेव्हा सर्व्हर रूममधून बाहेर पडून एक फेरी गेट, स्टोअर आणि डिस्पॅचला मारा. बारकोड प्रिंटर अजून कुणी मोजलेले दिसत नाहीत.

---

चाकण_फेज२

सहा आहेत. दोन थेट सर्व्हरला जोडलेले. उद्या परत जातो.